मुलांची पोटगी: बेळगाव सीमाभागातून नेहमी येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या सोयरिकी कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड, सांगली आणि गोव्यापर्यंत जुळतात. संसार मोडला की आई एका राज्यात, वडील दुसऱ्या राज्यात आणि कागदपत्रे दोन-तीन भाषांत, अशी स्थिती होते. खालची उत्तरे ही अडचण धरूनच दिली आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. पोटगीत अर्जाची तारीख फार मोलाची असते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितले आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. त्यामुळे निकालाला उशीर झाला तरी मधली रक्कम बुडत नाही. मात्र अर्जच केला नाही, तर "आज ना उद्या सुधारेल" म्हणत काढलेले महिने मुलाच्या हिशेबातून बहुधा कायमचे जातात.

अजून घटस्फोट झालेला नाही. तरी मुलांसाठी पोटगी मागता येते का?

येते. घटस्फोटाची केस चालू असणेही गरजेचे नाही. ऐपत असूनही बाप मुलांकडे पाहत नाही, एवढे दाखवले की पुरे.

पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, आई फक्त त्याच्या वतीने मागते. म्हणून "बायको स्वतःहून घर सोडून गेली" किंवा "तिचे वागणे बरोबर नव्हते" हे आरोप बायकोच्या पोटगीच्या वादात येतात, मुलाच्या नाही. बायकोची पोटगी नाकारली गेली तरी मुलाची मिळते. आईने दुसरे लग्न केले तरी बापाची जबाबदारी संपत नाही, आणि बापाने दुसरा संसार मांडला तरी पहिल्या मुलांचे देणे राहतेच.

कोणत्या कायद्याने अर्ज करायचा?

बहुतेकांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४. जुन्या लोकांच्या तोंडी असलेले "एकशे पंचवीस" ते हेच. १ जुलै २०२४ पासून कलमाचा क्रमांक बदलला. हे सर्व धर्मांना लागू आहे आणि लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलालाही यात हक्क आहे. मुस्लिम कुटुंबात "आईला दोन वर्षांपुरतेच मिळते" असे सांगितले जाते, ते मुलांना लागू नाही. मुलाला या कलमाखाली सज्ञान होईपर्यंत मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले आहे.

घरात मारहाण, छळ झाला असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा जास्त उपयोगी पडतो. मुलांचा खर्च, राहण्याची सोय, संरक्षण आणि मुलांचा तात्पुरता ताबा हे सगळे त्यात एकाच अर्जात मागता येते. घटस्फोटाची केस आधीच चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच केसमध्ये मुलांच्या खर्चाचा अर्ज देता येतो. हिंदूंसाठी १९५६ चा दत्तक व पोटगी कायदाही आहे, आणि त्याचा मोठा फायदा मुलींना होतो. तो पुढे वयाच्या प्रश्नात आला आहे.

दोन कायद्यांखाली दोन अर्ज करता येतात, पण एकातला आदेश दुसऱ्यात सांगावाच लागतो. एका ठिकाणची रक्कम दुसऱ्या ठिकाणी वजा धरली जाते. लपवले आणि समोरच्या वकिलाने दाखवून दिले, तर बाकी खऱ्या गोष्टींवरचाही कोर्टाचा विश्वास उडतो.

नवरा कोल्हापूरला, मी मुलांना घेऊन बेळगावला माहेरी. केस कुठे घालायची?

बेळगावलाच घालता येते. कलम १४५ प्रमाणे नवरा जिथे आहे, नवरा किंवा बायको जिथे राहते, किंवा दोघे शेवटी एकत्र जिथे राहिले, यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात अर्ज चालतो. घटस्फोटित बाईलाही हेच लागू. हिंसाचाराच्या कायद्याखाली तर तुम्ही तात्पुरत्या राहत असाल त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. उलट सासर निपाणीचे आणि माहेर कागलचे असेल, तर महाराष्ट्रातल्या कोर्टातही जाता येते. मुलांना घेऊन दर तारखेला जिथे पोचता येईल ते कोर्ट निवडा.

बेळगावात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीत १४४ चा अर्ज तिथे जातो, हद्दीबाहेर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे लोक ज्याला जेएमएफसी कोर्ट म्हणतात तिथे. तुमचे गाव कुठल्या हद्दीत येते हे तालुका विधी सेवा समितीत विचारून मगच अर्ज लिहा. चुकीच्या कोर्टात दिलेला अर्ज परत येतो आणि महिने वाया जातात.

नवऱ्याने कोल्हापुरात घटस्फोटाची केस घातली असेल, तर ती बेळगावला आणण्याचा अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो, कारण दोन राज्यांची उच्च न्यायालये वेगळी आहेत. पण त्या केसची वाट पाहत बेळगावचा पोटगीचा अर्ज थांबवू नका. मुलांच्या कायम ताब्याची केस मात्र मूल नेहमी जिथे राहते त्याच जिल्ह्यात चालते.

अर्जात काय लिहायचे, आणि कागद कोणते लागतात?

सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच आहे. अर्ज फक्त बायकोच्या नावाने लिहिला जातो, मुले कुठेतरी मजकुरात उल्लेखापुरती येतात, आणि मग आदेशही फक्त बायकोपुरता होतो. प्रत्येक मूल स्वतंत्र अर्जदार हवे: अर्जदार क्रमांक १ आई, क्रमांक २ मुलगी, वय ९, अज्ञान, पालनकर्ती आई, क्रमांक ३ मुलगा, वय ५, याच पद्धतीने. शेवटच्या मागणीतही प्रत्येकाची रक्कम वेगळी लिहा. "सर्वांना मिळून १५,०००" असे लिहिले की पुढे एकाचा हक्क संपल्यावर उरलेल्यांचा किती, हा नवा वाद उभा राहतो. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी सोबत द्या.

कागद असे: मुलांचे जन्मदाखले आणि आधार, शाळेचे बोनाफाईड, फीच्या पावत्या, व्हॅनचे आणि ट्यूशनचे पैसे दिल्याचा पुरावा, दवाखान्याची बिले, घरभाड्याची पावती किंवा करार, लग्नाचा दाखला. दाखला नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो चालतात. शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव असतेच, तोही पुरावा आहे.

याशिवाय दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्याचा ठरलेला नमुना रजनेशच्या निकालासोबत जोडलेला आहे. ते भरताना आईनेही काही लपवू नये. शिवणकामाचे पैसे, माहेरची मदत, गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० रुपये, सगळे लिहा. सरकारी योजनेचे पैसे मिळतात म्हणून बापाचे देणे माफ होत नाही, पण लपवलेली रक्कम पासबुकात सापडली की उलटतपासणी तिथूनच सुरू होते.

माझे कागद मराठीत आहेत, नोटीस कन्नडमध्ये आली. काय करू?

नोटीस बाजूला ठेवून देऊ नका. कन्नड नोटिशीत पोटगीला "जीवनांश" असा शब्द असतो. वाचता येत नसेल तर त्याच दिवशी वकिलाकडे किंवा विधी सेवा कार्यालयात नेऊन पुढची तारीख समजून घ्या. मराठी पावत्या, पत्रे, मोबाईलवरचे संदेश पुरावा म्हणून देता येतात, मात्र सोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. सगळ्या कागदांचे भाषांतर करण्यात पैसे घालवू नका. ज्या चार-पाच कागदांवर केस उभी आहे तेवढ्यांचे नीट करून घ्या. आणि स्वतःचे प्रतिज्ञापत्र कुठल्याही भाषेत असो, ते मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. साक्षीच्या वेळी "हे मी सांगितलेच नव्हते" म्हणायची पाळी यातूनच येते.

रक्कम किती मिळते? पगाराच्या २५ टक्के मिळतात म्हणे.

मुलांच्या पोटगीला असे कोणतेही ठरलेले सूत्र भारतात नाही. २५ टक्क्यांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालातला आहे. तो त्या प्रकरणातल्या बायकोच्या पोटगीबद्दल होता. तोच आकडा धरून बसलात तर मुलाचा खरा खर्च मांडायचा राहून जातो.

कोर्ट पाहते ते असे: मुलाच्या गरजा, आधीचे राहणीमान, दोन्ही पालकांची ऐपत आणि बापावर अवलंबून असलेली बाकी माणसे. म्हणून खर्चाचा तक्ता करा. समजा मुलगी चौथीत आहे. फी वर्षाला २४,००० म्हणजे महिन्याला २,०००. व्हॅन १,२००. ट्यूशन ८००. जेवण, दूध, फळे ३,०००. कपडे आणि औषधे १,०००. घरभाड्यातला तिचा वाटा १,०००. एकूण ९,०००. बापाच्या हातात ४०,००० येतात आणि आई २०,००० कमावते, तर २ ला १ या प्रमाणात बापाचा वाटा ६,००० होतो. आई-बाप दोघे कमावते असतील तर ऐपतीच्या प्रमाणात वाटा उचलावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मांडले आहे. पण आई मुलाला वाढवण्यासाठी जे करते, त्याला पगाराची पावती नसते. तिचे नोकरीचे तास मुलामुळे कमी झाले असतील तर तेही अर्जात लिहायला हवे.

वर्षातून एकदाच येणारे खर्च लोक हमखास विसरतात: जूनमधला गणवेश, वह्या-पुस्तके, शाळेची डिपॉझिट, चष्मा. त्यांची बारा महिन्यांत विभागणी करून तक्त्यात घाला, किंवा ते बापाने वेगळे भरावेत अशी मागणी करा.

नवरा म्हणतो, काम नाही, पगार नाही. शेती आहे पण ती वडिलांच्या नावावर आहे.

धडधाकट माणसाला "काम नाही" म्हणून सुटता येत नाही. अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना पोसणे त्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावले. पण रक्कम ठरवायला कोर्टापुढे काहीतरी आकडा लागतो, आणि तो शोधण्याची मेहनत बहुधा आईलाच करावी लागते.

जमीन असेल तर कर्नाटकातला उतारा, म्हणजे आरटीसी, भूमी संकेतस्थळावर सर्व्हे नंबरने पाहता येतो. चंदगड, गडहिंग्लजकडची जमीन असेल तर सातबारा काढा. उताऱ्यावर ऊस दिसला तर कारखान्याची ऊसबिले कोणाच्या खात्यात जमा झाली, हे कोर्टाकडून मागवता येते. दूध डेअरीची बिलेही तशीच. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला असेल तर भविष्य निर्वाह निधीची नोंद असू शकते. रोख मजुरी असेल तर गाडी, तिचे हप्ते, मोबाईल, लग्न-बारशातला खर्च यांवरून अंदाज बांधला जातो. समोरच्याने प्रतिज्ञापत्रात न सांगितलेले खाते किंवा जमीन तुम्ही दाखवून दिली, तर ते तुमच्या बाजूने मोठे वजन ठरते.

पगारदाराच्या बाबतीत कर आणि सक्तीच्या कपाती वजा होतात. बाईकचा हप्ता किंवा सोसायटीचे कर्ज दाखवून हातातला पगार ८,००० वर आणणे सहसा चालत नाही. पगारपत्रकात कपातींचे रकाने एकेक करून वाचा. कर्ज तुम्ही वेगळे झाल्यानंतर काढलेले असेल तर ती तारीख कोर्टाच्या नजरेस आणा.

निकालाला किती दिवस लागतात? तोवर मुलांचे काय?

अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, आणि उशीर बहुतेक वेळा समन्स न बजावल्याने होतो. "मु. पो. कागल" एवढ्या पत्त्यावर समन्स पोचत नाही. गल्ली, घर नंबर, पोस्ट, तालुका, पिनकोड, कामाच्या जागेचा पत्ता, मोबाईल नंबर, असेल तर ई-मेल, सगळे द्या. नव्या संहितेत समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवण्याची तरतूद आहे. राज्य बदलले की समन्स तिकडच्या पोलिसांमार्फत जाते, म्हणून प्रत्येक तारखेआधी अहवाल परत आला का, याची वकिलाकडे चौकशी करा.

मुद्दाम टाळत असेल तर एकतर्फी आदेश होतो. योग्य कारण दाखवून तो रद्द करून घ्यायला त्याला तीन महिन्यांची मुदत असते.

केसला १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. "तारीख कळली नाही" म्हणून अर्ज गैरहजेरीत निघून जाण्याचे प्रकार या एका क्रमांकाने टळतात.

आदेश झाला, पण पैसे येत नाहीत.

थांबू नका. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. एक वर्ष उलटले की या सोप्या मार्गाने त्या महिन्यांची वसुली होत नाही आणि दिवाणी दाव्याची लांब वाट धरावी लागते. दर तीन-चार महिन्यांनी थकबाकीचा तक्ता जोडून अर्ज टाकत राहणे सगळ्यात सुरक्षित. तक्त्यात महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, तारीख आणि बाकी असे रकाने असावेत, सोबत पासबुकाची प्रत.

कोर्ट दंडाप्रमाणे वसुलीचे वॉरंट काढते आणि तरीही पैसे भरले नाहीत तर एका महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. तुरुंगात जाऊन आला म्हणून थकबाकी फिटत नाही, ती तशीच राहते. पगार जप्त करायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेत पोटगीच्या हुकुमासाठी खास सवलत आहे: पगाराचा एक तृतीयांश भाग सोडून बाकीवर जप्ती येऊ शकते.

तो कामासाठी पुण्याला किंवा गोव्याला गेला तरी नवी केस घालावी लागत नाही. कलम १४७ खाली आदेशाची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते आणि तो जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून वसुली करता येते. ती प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.

नवरा फौजेत आहे. त्याच्या पगारातून कसे मिळेल?

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने हा प्रश्न इथे बराच येतो. सैनिकाच्या पगारावर दिवाणी कोर्टाची जप्ती चालत नाही, लष्कर कायद्याचे कलम २८ तसे सांगते. पण त्याच कायद्याच्या कलम ९० आणि ९१ खाली बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून कपात करता येते, अधिकाऱ्यांसाठी ९० आणि जवान, जेसीओ (सुभेदार वगैरे) यांच्यासाठी ९१. त्यासाठी त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे लेखी अर्ज करायचा. सैन्य क्रमांक, हुद्दा, युनिट, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा, मुलांच्या नावाचे किंवा आईचे बँक खाते आणि कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत जोडा. हा अर्ज आणि कोर्टातला अर्ज दोन्ही एकत्र चालू ठेवता येतात.

ती मुलाला भेटू देत नाही, म्हणून मी पैसे थांबवले. चालेल?

नाही. भेट आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेट अडवली जात असेल तर भेटीच्या हक्काचा अर्ज करा. मुलाला दोन्ही पालकांचा सहवास मिळावा, याकडे कोर्ट गांभीर्याने पाहते. पण पैसे बंद केलेत तर थकबाकीदार म्हणूनच तुम्ही कोर्टापुढे उभे राहाल. आईंनाही हेच सांगणे आहे: पैसे आले नाहीत म्हणून मुलाची बापाशी गाठ तोडू नका. दोन्हीकडून त्रास मुलालाच होतो.

पैसे देणाऱ्याने रोख देऊ नये. दर महिन्याला त्याच तारखेला बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात "पोटगी, ऑगस्ट" असे लिहा. दिवाळीचे कपडे, सायकल, मोबाईल हे प्रेमाने द्या, पण ते आदेशाच्या रकमेत वजा धरले जात नाही. शाळेची फी परस्पर भरली तर तीही वजा होईलच असे नाही. तसे हवे असेल तर आदेशातच लिहून घ्या.

पंचांसमोर सोडचिठ्ठी झाली. बाँडवर "मुलांचा काही हक्क नाही" असे लिहून दिले आहे.

त्या ओळीने मुलाचा हक्क जात नाही. आई स्वतःपुरते सोडू शकेल, मुलाचे नाही. एकरकमी पैसे घेतले असतील तर ते कोर्ट लक्षात घेईल, पण मुलाच्या गरजा भागत नसतील तर पुन्हा मागता येते.

समजुतीने मिटवायचे असेल तर बाँडवर थांबू नका. बाँड मोडला तर त्यावर वॉरंट निघत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे केस घालण्याआधीचा अर्ज देऊन लोकअदालतीत तडजोड नोंदवा. त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकुमाइतके बळ असते. तडजोडीत दरवर्षी किती वाढ, कॉलेजचा खर्च कोणाचा, आजारपणाचे कोण देणार हे स्पष्ट लिहा. आज ठरलेले ५,००० दहा वर्षांनी पुरणार नाहीत.

मूल किती वर्षांचे होईपर्यंत?

कलम १४४ खाली १८ वर्षे. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःला पोसू शकत नसेल तर त्यानंतरही, फक्त विवाहित मुलगी यातून वगळली आहे. हिंदू अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईवर भागत नसेल तर १९५६ च्या कायद्याच्या कलम २० खाली लग्न होईपर्यंत मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की यासाठी अर्ज याच कायद्याखाली करायला हवा. मुलगी १८ ची होण्याआधीच वकिलाशी बोला. मुलाच्या बाबतीत २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत रक्कम चालू ठेवली, पण प्रत्येक प्रकरणात तसे होईलच असे धरू नये.

मूल माझे नाही, डीएनए करा, असे तो म्हणतो.

लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच, असे कायदा धरून चालतो. त्या काळात दोघांची गाठच पडणे शक्य नव्हते, हे त्याने सिद्ध करायचे असते. नुसत्या संशयावर डीएनएचा आदेश होत नाही. हा मुद्दा फक्त वेळ काढण्यासाठी आणला जात असेल तर अंतरिम पोटगी त्यासाठी थांबवू नये, अशी विनंती वकिलाने लगेच करावी.

वडील म्हणून मूल माझ्याकडे आहे, आई चांगली कमावते. मी मागू शकतो का?

हो. १९५६ च्या कायद्यात मुलांची जबाबदारी आई आणि वडील दोघांवर आहे.

वकिलाची फी परवडत नाही.

बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे. तालुक्याच्या कोर्टातली विधी सेवा समिती किंवा बेळगावचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण इथे अर्ज करा, नाहीतर १५१०० ला फोन करा. मराठी बोलणारा वकील हवा, असे अर्जातच लिहा. छळ होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८.

रक्कम वाढवून घेता येते का? आदेश मान्य नसेल तर?

परिस्थिती बदलली की कलम १४६ खाली वाढ किंवा घट मागता येते: मूल हायस्कूलला गेले, आजारपण आले, बापाला बढती मिळाली, किंवा त्याची नोकरी खरोखर गेली. नवीन पावत्या लागतात, जुन्याच तक्त्यावर वाढ मिळत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या १४४ खालच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात पुनरीक्षण अर्ज (आदेश पुन्हा तपासण्याचा अर्ज) जातो, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात. वरच्या कोर्टात कागद दाखल केला एवढ्याने आदेश थांबत नाही. स्थगिती मिळेपर्यंत दर महिन्याची रक्कम भरावीच लागते.